राहिलेली एक खूण

"मामा गेला," आई फोनवर म्हणाली तेव्हा मी दुबई मरीनातल्या ऑफिसात लिफ्टची वाट बघत उभी होते. रडू नंतर आलं. आधी आठवलं ते त्याच्या वहीतलं एक पान... त्यावरची एक खूण राहिली होती.

लुईसमामा, आईचा धाकटा भाऊ. वसईहून इकडे अमिरातीत, फुजैरा बंदरात आला आणि जहाजांना इंधन पुरवणाऱ्या कंपनीत तीस वर्षं रमला. एका जपानी चीफ इंजिनिअरने त्याला पुठ्ठा सुटलेला अक्षरकोश दिला आणि मामा त्या कोशातच राहायला गेला. जपान्यांनी अक्षरं चीनमधून घेतली. म्हणून बहुतेक अक्षरांना दोन तऱ्हेचे उच्चार. अक्षराबरोबर समुद्र ओलांडून आलेले आणि घरचे. कोशात ते दोन निराळ्या लिपींत छापतात. मामाच्या मराठी वहीत आलेले लाल शाईत, घरचे निळ्या. बंदर म्हणजे लाल 'को', निळं 'मिनातो'.

कोशात छापलंय म्हणून तो मानायचा नाही. जपानी माणसाच्या तोंडून ऐकलं, तरच पुढे पेन्सिलीची बारीक खूण. इंधनाच्या पावतीवर सही झाली की खिशातून अक्षर लिहिलेलं कार्ड निघे, "यल्ला कॅप्टन, वन मोर वर्ड!" एकदा एक कॅप्टन हसत म्हणाला, "नोबडी सेज धिस. ओन्ली डिक्शनरी सेज." मामाला केवढा आनंद! मला सांगताना म्हणाला, "बाय, म्हणजे कुणी हाक मारत नाही, पण मतदार यादीत नाव आहे!"

लहानपणी मी विचारलं होतं, "मामा, हू विल रीड धिस?"

"तू," तो म्हणाला, आणि लाल पेन शोधू लागला.

शेवटची भेट झाली तेव्हा त्याने मला ते पान दाखवलं. जगणं, जन्मणं, उगवणं, सगळ्याला एकच अक्षर. लाल उच्चार दोन, निळे सहा. उगवण्याचा उच्चार एका खलाशाने स्वतःची दाढी खाजवत सांगितला होता. आठांपैकी सातांवर खुणा. निळा 'ओ' तेवढा कोरा.

"जहाजावर हा कुणाला लागतच नाही," मामा म्हणाला. "मला नाही जमलं तर तू ऐक, इन्शाल्ला. पण तू आधी बोलायचं नाही हां. चीटिंग चालणार नाही."

मामा गेल्यावर तीन आठवड्यांनी आईने वही माझ्या हाती दिली. ऑफिसात एक जपानी बाई कामासाठी येतात. मीटिंग संपल्यावर मी वही उघडली आणि मराठी ओळी तळहाताखाली झाकल्या. त्या अक्षराने सुरू होणारा एक शब्द मामाने तिथे काढला होता. त्या चष्मा वर करून वाकल्या...

"ओइताची," त्या म्हणाल्या. "हाऊ अ पर्सन ग्रू अप. हिज स्टोरी." मग पानावरून बोट फिरवत, "विच चाइल्ड रोट धिस? व्हेरी केअरफुल चाइल्ड."

"माय अंकल," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो.

वहीच्या दोऱ्यात अडकवलेली त्याचीच पेन्सिल काढून मी खूण केली. त्याच्या खुणांपेक्षा मोठी आली. पुसली नाही. वही आता माझ्या टेबलावर असते. पुढचं पान कोरं आहे, आणि शनिवारी मी एक लाल पेन आणलंय.