बुरैद्यात वकील शोधताना

“कंपार्टमेंट सिंड्रोम,” सरकारी इस्पितळातला सुदानी डॉक्टर म्हणाला आणि त्याने माझ्या उजव्या हाताचं प्लास्टर उभं कापलं. आतला हात सुजून चकाकत होता. बोटं काळीनिळी. प्लास्टर घट्ट असलं की आत सूज कोंडते, रक्त पुढे जात नाही आणि स्नायू मरतात, असं त्याने समजावलं. मग विचारलं, “दोन दिवस आधी का नाही आलास?”

मी गेलो होतो. पण दुसरीकडे.

मी शटरिंगचा सुतार, संगमेश्वराकडचा. तेलाच्या पैशाने तेव्हा सौदीतल्या बुरैद्यात जिकडेतिकडे इमारती उठत होत्या. फळीवरून पडून माझं मनगट मोडलं. कंपनीच्या ठरलेल्या खासगी दवाखान्यात प्लास्टर घातलं. संध्याकाळी बोटांना मुंग्या आल्या, सकाळी हाताची आग आग. दोनदा गेलो. दोन्ही वेळा डॉक्टरने हाताकडे न बघता गोळ्या दिल्या. “थोडं दुखणारच.” शेवटी खोलीतला सोबती हनीफभाई मला सरकारी इस्पितळात घेऊन आला.

दोन ऑपरेशनं झाली. हात वाचला, पण अंगठा आणि दोन बोटं वाकेनात.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीचा कारकून अरबी कागद घेऊन कॅम्पवर आला. “सही कर. रविवारचं तिकीट आहे. खलास.” उजवा हात बांधलेला, म्हणून त्याने पेन माझ्या डाव्या हातात दिलं.

हनीफभाई मंडईत गाडी चालवायचा, अरबी वाचायचा. त्याने कागद पाहिला. “ह्यात लिवलंय, तुझी कुणाविरुद्ध तक्रार नाय. सही करू नको.”

कारकून म्हणाला, “उद्या येतो. तेव्हा कफीलही येईल.”

कफील म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही तिथे कामाला होतो तो; इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच्या हातात. कफील बिघडला तर काय, म्हणून मी जागचा हलेना. हनीफभाईने मला उठवलं. “चल, वकील बघू.”

आम्ही वाटेत “वकील कुठे?” विचारत निघालो आणि लोकांनी आम्हाला गाड्यांच्या शोरूमवर नेऊन सोडलं. अरबीत वकील म्हणजे कंपनीचा एजंट. आपल्या वकिलाला तिथे मुहामी म्हणतात, हे हनीफभाईलाही ठाऊक नव्हतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर तोच शब्द विचारा.

कोर्टामागच्या गल्लीत एका खोलीत म्हातारा मुहामी भेटला. त्याने माझे एक्स-रे उजेडात धरले. “दवाखान्यात तुझी बोटं कुणी पाहिली?”

“दुसऱ्या खेपेला नर्सने. नख दाबून.”

“तिने काही लिहिलं?”

“हो, एका वहीत.”

तो उठलाच. त्याच दुपारी वकीलपत्र झालं, दवाखान्याविरुद्ध तक्रार नोंदली गेली. दुसऱ्या दिवशी कफील आला. हनीफभाईने तक्रारीची प्रत पुढे केली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली. मग कारकुनाला म्हणाला, “तिकीट राहू दे. निकाल लागेपर्यंत ह्याला पाठवता येणार नाही.”

काही महिन्यांनी डॉक्टरांच्या समितीपुढे सुनावणी झाली. दवाखान्याचा डॉक्टर म्हणाला, “हा माणूस परत आलाच नाही.”

मुहामीने दवाखान्याची वही मागवून घेतली होती. ती उघडून त्याने समितीपुढे सरकवली. माझ्या नावापुढे इंग्रजीत एक ओळ होती: बोटं निळी, डॉक्टरांना सांगितलं.



दोष दवाखान्याचा ठरला. मला भरपाई मिळाली. बोटं मिळाली नाहीत. नर्सला भेटायला गेलो, तर ती मायदेशी गेली होती. स्वतःहून की काढलं म्हणून, कुणी सांगेना. तिचं नावही मला नीट ठाऊक नाही.

आता गावात कुणी प्लास्टर घालून आलं की मी आधी बोटं हलवायला लावतो. लोक हसतात. मागे शेजारच्या वहिनींची बोटं हलेनात. त्या म्हणाल्या, “भावोजी, सकाळी बघू.” मी रिक्षा बोलावली आणि तिथेच उभा राहिलो, त्या बसेपर्यंत. डॉक्टरांनी लगेच प्लास्टर कापलं.

वहिनी त्या हाताने अजून भाकऱ्या थापतात.