चढावर निघालेली जीप

"म्याडम, डायवरला सांगा, विंजिन बंद कर नि ब्रेक सोड. मग बगा," सरपंच तात्या म्हणाले.

ड्रायव्हरने ब्रेक सोडला. समोर उघड चढ होता, आणि आमची सरकारी जीप त्या चढावर निघाली. डिझेल घालूनही ती इतक्या खुशीने कधी चढली नव्हती.

"देवी ओढून घेते," तात्यांनी रस्त्याकडेच्या शेंदूर लावलेल्या दगडाकडे हात जोडले.

आमच्या साहेबांचं निदान जास्त शिकलेलं होतं. "मॅग्नेटिक फील्ड," ते म्हणाले. इथल्या जांभ्या दगडात लोह असतं, एवढं त्यांच्या वाचनात आलं होतं.

हंडा घेऊन चाललेल्या पार्वतीकाकी थांबल्या. "गाडीवाल्यांनाच ओढते. माझा हंडा कदी ओढला नाय."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी रत्नागिरीत पाणीपुरवठ्याची ज्युनियर इंजिनिअर होते. देवरूखच्या पुढे डोंगरात या वरच्या वाडीला नळ द्यायचा होता. झरा रस्त्याच्या एका टोकाला, वाडी दुसऱ्या टोकाला, मध्ये हा चढ. म्हणून एस्टिमेटमध्ये पंप होता. मागचा पंप कमी व्होल्टेजने पहिल्याच उन्हाळ्यात जळला, आणि बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडे आले. नवाही जळणार, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"साहेब, लेव्हल लावूया," मी म्हटलं.

"कशाला? चढ दिसतोय की. पाणी चढावर जात नाही, हे कॉलेजात शिकवलं नाही?"

"शिकवलं. जीपबद्दलही तेच शिकवलं होतं."

लेव्हल म्हणजे तिपाईवरची दुर्बीण. ती आडवी सरळ रेष धरते. समोर आकड्यांची उंच पट्टी उभी करायची. आकडा जास्त दिसला तर ती जागा खाली. आम्ही झऱ्यापासून वाडीपर्यंत पट्टी नाचवत नेली. वाडीकडे आकडा वाढतच गेला. वरची वाडी झऱ्याच्या खाली होती.

जादू साधी होती. अगोदरचा उतार खूप तीव्र, पुढचा अगदी सौम्य. एकदम उतरून आलेल्या डोळ्यांना सौम्य उतार चढ वाटतो. त्यात तिथली झाडं वाऱ्याने कललेली, आणि क्षितिज कुठेच दिसत नाही. एस्टिमेट करणाऱ्याने इथे लेव्हल लावलीच नव्हती. वाडीचं नावच वरची, मग मोजायचं काय?

"म्हणजे पंप नको?" साहेबांचा चेहरा पडला. "अहो, पंपगृहाची कोनशिला कोरून आलीय. पाहुण्यांच्या नावासकट."

तात्यांची काळजी वेगळी होती. "मग आमची देवी खोटी काय?"

"तिने जीप ओढली नसती, तर मी लेव्हल लावली असती का?" मी म्हटलं. तात्या खूश झाले. साहेबांनीही पंप वगळलेल्या एस्टिमेटवर कुरकुरत सही केली.

झऱ्यापासून वाडीपर्यंत पाइप टाकला. उद्घाटनाला साहेबांनी विज्ञानाचे आभार मानले, तात्यांनी देवीचे. नळ आधी नुसताच फुसफुसला. मग लाल पाणी आलं, मग स्वच्छ. भाषण चालू असतानाच काकींनी हंडा खाली लावला.

चढ कितीही स्पष्ट दिसला तरी मोजावा, एवढंच मी त्यातून शिकले.

पुढच्या वर्षी तिकडे गेले, तेव्हा कोनशिला नळाशेजारी आडवी पडली होती आणि काकी तिच्यावर गोधडी आपटत होत्या. पाहुण्यांचं नाव अर्धंअधिक झिजलं होतं. एवढी उपयोगी पडलेली कोनशिला मी नोकरीभरात दुसरी पाहिली नाही.