जिभेचं औषध

वाडीतून निघालो त्या सकाळी एसटी तिठ्यावर घरघरत उभी होती, कंडक्टर घंटी ओढत होता, आणि माझे वडील, आबा, खिडकीचा गज सोडत नव्हते. आमची सव्वादोन वर्षांची मुलगी मीनल माझ्या मांडीवर होती. आबांनी खिडकीतून पेरूंची पिशवी आत दिली. सगळे पेरू पोपटांनी टोचलेले. मूल बोलायला उशीर करू लागलं की आमच्याकडे त्याला पोपटाचं उष्टं फळ भरवतात, वेखंड उगाळून जिभेला लावतात. "डॉक्टर कशाला हवाय रे? आपल्या घराण्यात पोरं उशिराच बोलतात. तू नाही बोललास तीन वर्षांचा होईपर्यंत!" आबा म्हणाले. माझ्या बायकोने, शुभाने, पिशवी पायाशी सरकवली. गाडी हलली, मीनल त्यांच्याकडे बघून खुदकन हसली आणि आबा रडले. मला मात्र त्यांचा रागच आला. निघतानासुद्धा या माणसाचा हेका सुटत नाही, असं वाटलं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. चार-आठ दिवसांत तपासण्या उरकून परतायचं ठरलं होतं. ठाण्याला खोपटच्या एसटी स्टँडवर उतरलो आणि डोंबिवलीला शुभाच्या मामांच्या चाळीत पथारी टाकली. आठवड्यापुरत्या भरलेल्या त्या एका बॅगेवर आम्ही डोंबिवलीकर झालो.

पहिली तपासणी ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे झाली. त्यांनी मीनलच्या मागे उभं राहून खुळखुळा वाजवला, मग घंटा, मग ढोलकं. ढोलक्याला ती वळली. "वळली! बघा, वळली!" मी ओरडलोच. डॉक्टरांनी शांतपणे खिडकीचा पडदा ओढला. म्हणाले, "तिने माझी सावली बघितली." त्यानंतर त्यांनी ढोलकं कितीही बडवलं तरी ती शुभाच्या मंगळसूत्राशी खेळत बसली. वाडीत आम्ही ताटं बडवून खात्री करून घेतली होती ती अशीच, सकाळच्या उन्हात, तिच्या पाठीशी उभं राहून. वर्षभर सगळं घर जिभेचं औषध करत होतं आणि दुखणं कानात होतं.

मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात कानाच्या बेरा टेस्टसाठी नंबर लागला. त्या टेस्टला मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून आधी त्याला झोपूच द्यायचं नाही. वाटेत तिचे डोळे मिटायला लागले की आम्ही पायाला गुदगुल्या करायचो, तोंडावर पाणी मारायचो. आपल्याच पोराला असं छळायचं म्हणजे जीव नकोसा होतो. तिथे तिला औषध पाजलं, कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवल्या, तर बाईसाहेब टक्क जाग्या! शुभाने तिला छातीशी घेतलं आणि सवयीने अंगाई म्हणायला लागली. मशीनवरच्या बाईंनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मीनलने आईच्या गळ्यावर तळहात टेकवला आणि हळूहळू झोपली. रोज ती अशीच झोपायची. आम्हाला ते लाड वाटायचे. दुपारी कळलं, दोन्ही कानांनी तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

कानाचं मशीन मिळालं, पण ते लावून, समोरच्याचे ओठ वाचून बोलायला शिकवणारा वर्ग ठाण्यात होता आणि रोज जावं लागायचं. परतीचा विषय तिथेच संपला. मी शहाडच्या एका कारखान्यात शिफ्ट धरली. छातीवर डबी, तिच्यातून कानात गेलेली वायर, असा मीनलचा अवतार बघून चाळीतली पोरं ओरडायची, "ए ट्रान्झिस्टर, स्टेशन बदल ना!" शुभा तरातरा खाली जाऊन भांडायची आणि वर येऊन रडायची.

आबांना मी सगळं समजावून सांगितलं. "मशीनला काय कळतंय?" एवढंच त्यांचं उत्तर. हंगाम आला की एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती तसेच टोचलेले पेरू यायचे आणि मी खोपटला जाऊन घेऊन यायचो. "फळ म्हणून खाऊ दे," शुभा म्हणायची.

मीनल नऊ वर्षांची असताना आबांनी अंथरूण धरलं. आम्ही गेलो. वारा बाधेल म्हणून माजघराची खिडकी बंद होती. मीनल त्यांच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "आबा." तिचे शब्द जड, परक्याला न कळणारे, पण हा शब्द स्वच्छ होता. आबा तिच्या तोंडून तो इतका स्वच्छ पहिल्यांदाच ऐकत होते. "बोलली की नाही? मी सांगत होतो!" ते मला म्हणाले. या वेळी मी वाद घातला नाही. मग आबा म्हणाले, "तुम्ही बाहेर जा. मला नातीशी बोलायचंय."

आम्ही अंगणात थांबलो. आतून त्यांचा आवाज बराच वेळ येत होता, शब्द कळत नव्हते. मीनल बाहेर आली तेव्हा मी तिच्यासमोर बसून विचारलं, "काय म्हणाले गं आबा?"

"अंधार होता. ओठ दिसले नाहीत," ती म्हणाली. "मी मान हलवली."

दुसऱ्या दिवशी आबा गेले, आणि नातीने आपलं सगळं ऐकलं या समाधानात गेले.

तुम्ही वाडीतली माणसं दर गणपतीला विचारता, परत कधी येणार? घर वाडीत आहे हे मला माहीत आहे. आबा तिला काय म्हणाले तेही त्याच घरात राहिलं. पण आमचं घर आता डोंबिवलीत आहे. तिथे आम्ही आधी दिवा लावतो, मग बोलतो.