पांढऱ्या हाताचं पोस्टर

राजुरीत बाईंच्या घरी मी दुपारच्या कामाला जाते. बाईंनी पुण्याच्या कॉलेजात जर्मन शिकवली. निवृत्त होऊन सासरच्या गावी आल्या त्या कपाटभर पोस्टरं घेऊनच. सगळी जर्मनीतल्या जुन्या नाटकांची. अजूनही एखादं येतं, लांब नळीत गुंडाळून. पोस्टमनभाऊ दारातूनच म्हणतो, "बाई, ठिबकचा पाइप आलाय बघा परदेशातनं."

"हो, यंदा नाटकं पिकवणार आहे," बाई म्हणतात.

नळीतलं पोस्टर पलंगावर धुतलेल्या चादरीवर पसरायचं. चार कोपऱ्यांवर वाळूच्या पुरचुंड्या ठेवायच्या. दोन दिवसांनी ते सपाट झालं की पातळ कागद घालून खणात. हे काम माझं. बाईंची अट एकच, हात कोरडे पाहिजेत.

मी चौथी शिकलेली. पण ती अक्षरं बाई सोडून गावात कुणालाच येत नाहीत, म्हणून त्या खोलीत मला कमीपणा वाटत नाही. मी नुसती बघते. उन्हाने रंग उडतो म्हणून पडदा ओढलेला असतो, आणि आतला उजेड ताकासारखा होतो.

नारायणगावला तमाशाच्या पोस्टरवर बोटभर जागा सुटत नाही, नुसते चेहरे. यातल्या एका पोस्टरवर मात्र सगळा कागद काळा, मधे एकच पांढरा हात आणि तळाशी तांबड्या अक्षरांची एक ओळ. बाई म्हणाल्या, "मोकळी जागा म्हणजे उरलेली जागा नव्हे, ती पण चितारावी लागते." ती ओळ त्यांनी वाचून दाखवली. आज संध्याकाळी आठ वाजता. ते नाटक बाईंच्या जन्माआधी होऊन गेलं. तरी कागद 'आज' म्हणतोच आहे. पुरचुंड्या ठेवता ठेवता मला वाटायचं, मी त्या थिएटरच्या दारात नव्या साडीची घडी मोडून उभी आहे आणि तो हात मला आत बोलावतोय.

"यातलं तुला कुठलं आवडतं?" बाई नेहमी विचारायच्या.

"समदीच."

"समदीच म्हणजे एकही नाही."

यंदा खंडेनवमीला सकाळीच बोलावून बाई म्हणाल्या, "घरातल्या हत्यारांना हळदकुंकू लावून घे," आणि अंघोळीला गेल्या. विळी झाली, खलबत्ता झाला, मिक्सर, शिलाई मशीन झालं. मग वाटलं, बाईंचं खरं काम तर कपाटात आहे. मी खण उघडून पांढरा हात काढला. त्याच्या तळव्यावर ओली हळद टेकवली, वर कुंकू. फार बरं वाटलं. बोट उचललं तेव्हा कागद हळद प्यायला होता. पदराने टिपायला गेले तर जास्तच पसरली. मी ते पोस्टर सगळ्यांच्या खाली ठेवलं.

पुढचे दिवस मी मान वर केली नाही. काम मला दुसरीकडेही मिळालं असतं. ती खोली मिळाली नसती.

पंधरवड्याने बाई म्हणाल्या, "उद्या पुण्याहून प्रदर्शनवाले येतायत. पांढरा हात काढून ठेव."

मी जागची हलले नाही. "बाई, त्याला हळद लागलीय. मीच लावली, खंडेनवमीला."

त्यांनी भिंग घेऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आणखी कशाला लावलीस?"

"न्हाई. एवढ्यालाच."

"हळद जात नाही," त्या म्हणाल्या. मग भिंग खाली ठेवलं. "म्हणजे हे आवडतं तुला. दोन वर्षं विचारतेय. तोंडाने सांगितलं असतंस तर पोस्टर वाचलं असतं."

हसल्या नाहीत. खोलीला कुलूप लावून किल्ली घेऊन गेल्या.

प्रदर्शनाला दुसरी पोस्टरं गेली. पांढरा हात घरीच राहिला. मी ओटा पुसायची, भांडी लावायची, आणि बंद दारावरून जाताना वाटायचं, आत आठ वाजलेत आणि नाटक माझ्याशिवाय सुरू झालंय.

परवा पोस्टमनभाऊ नवी नळी देऊन गेला. बाईंनी स्वतः चादर काढली, कुलूप उघडलं. मी उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले.

"हात दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, बोटांची पेरंसुद्धा दाबून पाहिली.

"ये," त्या म्हणाल्या.