गोधड्यांच्या कपाटातली हवा

पुण्याच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, हवा साफ करायचं मशीन पाठवलं तेव्हा सासूबाईंनी ते चारही बाजूंनी फिरवून पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यात पाणी कुठून टाकायचं?" आमच्या पूर्णेत वारा देणाऱ्या डब्यात पाणी टाकतात, साधी गोष्ट आहे. हा कूलर नाही, असं मी घसा फोडून सांगितलं. तरी पहिले दोन दिवस ते खिडकीत, पाठ बाहेर करून, कूलरसारखंच बसवलेलं होतं. गार वारा लागेना म्हणून शेजारीण तोंड वाकडं करून घरी गेली.

मशीन आलं ते मामांच्या खोकल्यासाठी. सासऱ्यांना मी मामा म्हणते. जन्मभर रेल्वेच्या रुळांवर काम करून रिटायर झालेला माणूस. फेब्रुवारी सरला की आमच्याकडची हवा चावून खाता येते. आधी शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटतात, मग हळद घोळायचे लोखंडी ढोल सुरू होतात आणि दोरीवर पांढरा वाळत घातलेला सदरा पिवळा होऊन घरात येतो. त्यातून समोरचा रस्ता खोदून ठेवलेला. एक ट्रक गेला की पाच मिनिटं पलीकडचं घर दिसत नाही.

भाऊजींचं म्हणणं, पाऊस पडेपर्यंत मामांनी पुण्यात राहावं. मामा एकदा पंधरा दिवस तिथे राहून आले होते. आठव्या मजल्यावर घर, करायला काही नाही, म्हणून दिवसभर लिफ्टने खालीवर करायचे. इथे ते दारातल्या कडुलिंबाखाली बसून नुसत्या आवाजावरून गाडी ओळखतात आणि ती किती लेट आहे ते रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून सांगतात. त्यांना जायचं नव्हतं, आणि मलाही ते जायला नको होते.

शेवटी तोडगा निघाला. मशीनवर हवेचा आकडा येतो, मोठा आकडा म्हणजे खराब हवा. तो पन्नासच्या आत राहिला तर मामा इथेच, नाहीतर पुणे. मी म्हटलं, ठीक आहे. तो आकडा भाऊजींना पुण्यात बसून मोबाईलवर दिसतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"आत्ता मिरचीची फोडणी दिली का?" सकाळी साडेनऊला त्यांचा फोन. "एकदम दोनशे झालेत!"

सख्ख्या सासूने माझ्या स्वयंपाकात कधी इतकं नाक खुपसलं नव्हतं. पण मामांनी ते मनावर घेतलं. फोडणी बंद. झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसायचं. उदबत्तीही बंद, त्यामुळे सासूबाई रोज देवापुढे हात जोडून "थोडे दिस सांभाळून घ्या" म्हणायच्या. मी वरणाचं पातेलं पदराखाली झाकून शेजारणीकडे फोडणी द्यायला जायचे. पाहुण्यांना अंगणात झटकून मगच आत घ्यायचं. एका चुलत सासऱ्यांच्या येण्याने आकडा नव्वदवर गेला, तेव्हा मामांनी त्यांना चहा न विचारता बाहेर बसवलं. ते आमच्याशी अजून बोलत नाहीत.

एवढं करूनही आकडा ऐंशीच्या खाली उतरेना. भाऊजींनी तिकीट बघायला घेतलं. तेव्हा ती अक्कल मलाच सुचली. मी मशीन उचललं, भिंतीतल्या गोधड्यांच्या कपाटात ठेवलं, वायर फटीतून बाहेर काढली आणि दार लावून टाकलं. दहा मिनिटांत आकडा सातवर आला.

त्या दिवसापासून मामा बाहेर खोकायचे आणि आमच्या गोधड्या पूर्णा तालुक्यातली सगळ्यात स्वच्छ हवा घ्यायच्या. भाऊजी खूश. त्यांनी आकड्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, त्यावर सगळ्या नातेवाइकांनी हात जोडले. मी पुन्हा घरात फोडणी द्यायला लागले.

मग एका रविवारी त्यांचा फोन आला. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला हल्ली दम लागतो. डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय. "माझ्या हॉलमध्ये सत्तर असतो, तुमच्याकडे सात. मे महिनाभर तिला तिकडेच ठेवतो."

मामा दोन वर्षांपासून नातीला पाठव म्हणून मागे लागले होते. त्यांनी लिंबाला झोका बांधायला दोर काढला. संध्याकाळपर्यंत दोर मांडीवर तसाच होता. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "तिला काय कपाटात ठिवायची का?"

मला लाज वाटली, खरंच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वारा सुटलेला असताना, मामांनी स्वतः मशीन बाहेर काढून ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून मांडलं. आकडा चढायला लागला, पण त्यांचं समाधान होईना. एक गोधडी आणून त्यांनी मशीनसमोर सपासप झटकली. सासूबाईंना म्हणाले, "उदबत्त्या लाव. पुडाच्या पुडा लाव." मला म्हणाले, "तू बघत काय बसलीस? फोडणी आण!" मी कढईत दहा लाल मिरच्या टाकल्या आणि ती धुरासकट ओट्यावर आणली. आम्ही तिघं शिंकत होतो, डोळे पुसत होतो आणि आकड्याकडे बघत होतो. एक ट्रकही देवासारखा धावून आला.

फोन वाजला. भाऊजी ओरडत होते, "मशीन बिघडलं का?"

"आत्ता नीट चालायलंय," मामा म्हणाले. "इतके दिस आमी ते गोधड्याच्या कपाटात ठिवलं व्हतं. पोरीला आणू नको. हितं लय धूळ हाय."

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिकीट काढ माझं," ते म्हणाले. "मीच येतो तिला भेटाया."