शेवटची बांधी

रामपायलीची चंपाबाई तोंडाची भारी फटकळ. पण सत्त्याण्णव साली तिची दहावीतली लेक प्रियंका घरात गप्प झाली, तेव्हा तिचंही काही चालेना. विचारलं की पोरगी मान फिरवायची. अंगारा सुचवणाऱ्या जावेला चंपाबाईनं हाकलून लावलं.

मग धानाची रोवणी आली. मायलेकी बांधीत, बांधानं वेढलेल्या शेताच्या तुकड्यात, शेजारी वाकून रोपं लावू लागल्या, तोंडं चिखलाकडे. तिथं प्रियंका हळूच म्हणाली, "आई, मले शाळेत जायचा डर लागते."

चंपाबाईनं मान वर केली नाही. "हौ, सांग," एवढंच म्हणाली.

रोवणी संपली, पोरीचं सांगणं अर्धंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चंपाबाई म्हणाली, "चाल वं, शेवटच्या बांधीत रोपं विरळ झाले."

बांधीत नवं रोप खोवायला बोटभर जागा नव्हती. प्रियंकानं एकदा आईकडे पाहिलं, आणि वाकली.