भर समुद्रातली आरोळी

जठारपेठेतल्या ट्रॅव्हल एजंटाकडचं निळ्याशार समुद्राचं पोस्टर दिसलं, की मी अजून रस्ता बदलतो. तसल्याच चित्रावर भाळून चांदूर बाजारचे मामा मला घेऊन क्रूझवर गेले होते. केबिनमध्ये डिझेलचा वास दाटला होता, पायाखालची फरशी झुलत होती आणि मला पोहता येत नव्हतं. तेवढ्यात डेकवरून मामांची आरोळी आली, "डुबून राहिला वो, डुबून राहिला!" लाइफ जॅकेट उलटंच अडकवून, कुलदैवताचा धावा करत मी वर धावलो. मामा मोबाइलवर मामीला सूर्यास्त दाखवत होते. माझा अवतार पाहून म्हणाले, "काहून बे भाच्या, सूर्याले वाचवाले चालला काय?" आता कळतं, जहाज असतं तर मामा 'राहिलं' म्हणाले असते, पण मरणाच्या दारात व्याकरण कोणाला सुचतं!